अनअ‍ॅलोकेटेड २४२ जीबी पडून आहे, पण सी ड्राइव्हला जोडता येईना

उदगीरचा_सेतू

केंद्रावरच्या पीसीला २४० जीबीची एसएसडी होती. ती क्लोन करून ५०० जीबीची नवी बसवली. विंडोज ११ नीट सुरू होतंय, पण सी ड्राइव्ह होता तेवढाच राहिलाय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर डावीकडून उजवीकडं असं दिसायलंय:

ईएफआय (विंडोज सुरू करणारं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग) १०० एमबी
सी २२२.८ जीबी
रिकव्हरी, ६०० एमबीच्या आसपास
काळी पट्टी, अनअ‍ॅलोकेटेड (कोणत्याच ड्राइव्हला न दिलेली जागा) २४२.१९ जीबी

सी वर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकंच. काळ्या पट्टीवर राइट क्लिक केलं तर न्यू सिंपल व्हॉल्यूम येतंय, म्हणजे जागा खराब नाही. सी मध्ये ९ जीबी उरलेत आणि स्कॅन केलेले सातबारे, आठ-अ, आधार, पासबुकं सगळं डेस्कटॉपवरच पडलंय. पीक विम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत हे उरकायचंय.

फॉरमॅट न मारता जागा जोडता येईल का? मधली रिकव्हरी उडवली तर चालतं का? आणि सगळी जागा सी लाच द्यावी का डी वेगळा काढावा?

मांजराकाठ

फॉरमॅट मारायची गरज नाही.

विंडोजचं एक्स्टेंड फक्त एकाच परिस्थितीत चालतं: मोकळी जागा त्याच डिस्कवर, त्या पार्टिशनच्या लगेच उजवीकडं, बांधाला बांध लागून असली पाहिजे. तुमच्या केसमध्ये सी आणि काळी पट्टी यांच्या मधात ६०० एमबीची रिकव्हरी बसलीय. क्लोन करताना पार्टिशनचा तक्ता जसाच्या तसा उतरतो, म्हणून नव्या डिस्कची वाढीव जागा सगळ्यात शेवटी पडते. क्लोन करणाऱ्याची चूक नाही, फक्त काम अर्धं राहिलंय.

रिकव्हरी पार्टिशनमध्ये विनआरई असतं, म्हणजे विंडोज सुरूच झालं नाही तर येणारी निळी दुरुस्तीची स्क्रीन. ती कायमची उडवू नका. ती सी मध्ये आणून ठेवायची, बांध काढायचा, सी वाढवायचा आणि पुढं नवीन रिकव्हरी करायची. आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून इथं देवनागरीत लिहितो, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत. कमांड प्रॉम्प्ट रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं उघडा.

आधी:

रीएजंटसी /इन्फो

स्टेटस एनेबल्ड असेल आणि लोकेशनमध्ये हार्डडिस्क०, पार्टिशन४ असं काही दिसलं, तर पुढं:

रीएजंटसी /डिसेबल

या आज्ञेनं विनआरई.विम ही फाइल रिकव्हरीतून उचलून सी मधल्या विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये येते. आली का ते डोळ्यानं बघा. फाइल हिडन असते, त्यामुळं साध्या डिरनं दिसत नाही, डिर /ए लावा. साइझ काहीशे एमबी असायला हवी. ती दिसल्याशिवाय पुढची एकही आज्ञा देऊ नका.

मग:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क ०
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन ४
डिटेल पार्टिशन

लिस्ट डिस्कमध्ये साइझ बघून डिस्कचा नंबर पक्का करा. पेनड्राइव्ह किंवा दुसरी हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढून ठेवलेली बरी. जीपीटीच्या (पार्टिशन तक्त्याची नवी पद्धत) रकान्यात चांदणी पाहिजे. लिस्ट पार्टिशनमध्ये १६ एमबीचं एक रिझर्व्ह्ड जास्तीचं दिसेल. डिस्क मॅनेजमेंट ते दाखवत नाही, त्याला हात लावू नका. त्याच्यामुळंच सी तिसरा आणि रिकव्हरी चौथी होते.

डिटेल पार्टिशनच्या उत्तरात टाइप आणि अ‍ॅट्रिब अशा दोन ओळी येतात. त्या दोन्ही नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवा. नवीन रिकव्हरी करताना हेच आकडे लागतात, आणि तो लांबलचक आयडी हातानं टाइप करताना एक अक्षर तरी चुकतंच.

आता:

डिलीट पार्टिशन ओव्हरराइड
सिलेक्ट व्हॉल्यूम सी
एक्स्टेंड साइझ=८१९२०
क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=१०२४
फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस लेबल=रिकव्हरी
सेट आयडी= इथं नोटपॅडमधला टाइप
जीपीटी अ‍ॅट्रिब्यूट्स= इथं नोटपॅडमधला अ‍ॅट्रिब
एक्झिट
रीएजंटसी /एनेबल
रीएजंटसी /इन्फो

ओव्हरराइड यासाठी, की त्या पार्टिशनवर रिक्वायर्डचा शिक्का असतो आणि नुसतं डिलीट म्हटलं तर डिस्कपार्ट नकार देतं. ८१९२० म्हणजे ८० जीबी. इथं सगळं एमबीत चालतं आणि गुणायचं १०२४ नं, १००० नं नाही. रिकव्हरी १ जीबीची करा. जुन्या ५००-६०० एमबीच्या रिकव्हरीत नवीन विनआरई मावत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ हे अपडेट ०x८००७०६४३ एरर देऊन कितीतरी पीसीवर अडकलं होतं ते त्याच्याचमुळं. तेव्हा मायक्रोसॉफ्टनं रिकव्हरीत २५० एमबी मोकळी जागा ठेवायला सांगितलं होतं.

शेवटच्या /इन्फोमध्ये परत एनेबल्ड आणि पार्टिशन४ दिसलं की झालं. उरलेल्या काळ्या पट्टीवर न्यू सिंपल व्हॉल्यूम करून डी काढा.

आता सगळी जागा सी ला द्यावी का? माझं मत, नाही. विंडोज आणि पोर्टलची सॉफ्टवेअरं ३०० जीबीत आरामात मावतात. स्कॅन डी वर ठेवा, म्हणजे उद्या विंडोज परत टाकायची वेळ आली तर सी फॉरमॅट मारला तरी लोकांची कागदपत्रं जागेवर राहतात. पण डी ला बॅकअप समजू नका. एसएसडी एकच आहे, ती गेली की सी आणि डी सोबतच जातात.

नांदेड_बेंच

वरचं बरोबर आहे. सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप (एन्क्रिप्शन). कमांड प्रॉम्प्टमध्ये मॅनेज-बीडीई -स्टेटस बघा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून काढून कागदावर लिहा आणि काम होईपर्यंत प्रोटेक्शन सस्पेंड करा. पार्टिशनला हात लावल्यावर रीस्टार्टला की मागितली आणि की सापडली नाही, तर ड्राइव्ह समोर असून डेटा गेला.

वीज. एक्स्टेंडमध्ये डेटा हलत नाही, एनटीएफएसच्या नोंदी बदलतात, काम सेकंदांत होतं. तरी पीसी इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर लाइट गेल्याच्या क्षणी चेंजओव्हरला उशीर लागतो, पंखा चालू राहतो पण पीसी रीस्टार्ट होतो.

बॅकअप. स्कॅनचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा आणि दोनचार पीडीएफ तिथून उघडून बघा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणार नाही, एक्सफॅट करा.

उदगीरचा_सेतू

धन्यवाद दादा. पहिल्याच पायरीला अडकलो. रीएजंटसी /इन्फोमध्ये स्टेटस डिसेबल्ड दाखवायलंय, लोकेशन कोरं. /डिसेबल दिलं तर आधीच डिसेबल आहे म्हणतंय. सी मधल्या त्या रिकव्हरी फोल्डरमध्ये डिर /ए केलं, विनआरई.विम नाही. फक्त रीएजंट.एक्सएमएल आहे. पुढं जाऊ का?

मांजराकाठ

थांबा, डिलीट करू नका. फाइल अजून त्या ६०० एमबीतच आहे. ते पार्टिशन कोणत्या डिस्कवर, कुठून सुरू होतं हे रीएजंट.एक्सएमएलमध्ये लिहिलेलं असतं. क्लोननंतर ती नोंद जुळली नाही की विनआरई बंद पडतं. फाइल हातानं आणावी लागेल.

डिस्कपार्टमध्ये पार्टिशन ४ सिलेक्ट करून असाइन लेटर=आर द्या, एक्झिट करा. मग:

एक्सकॉपी /एच आर:\रिकव्हरी\विंडोजआरई\विनआरई.विम सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी\

/एच विसरू नका, त्याच्याशिवाय हिडन फाइल कॉपी होत नाही. फाइल पोचल्यावर त्याच फोल्डरमधल्या रीएजंट.एक्सएमएलचं नाव बदलून रीएजंट.ओल्ड करा. मग:

रीएजंटसी /सेटआरईइमेज /पाथ सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी
रीएजंटसी /एनेबल

एनेबल झालं की एक्सएमएल नव्यानं तयार होते. आता /डिसेबल द्या, फाइल सी मध्ये आहे याची खात्री करा आणि माझ्या वरच्या पोस्टमधल्या डिस्कपार्टपासून सुरू करा.

आर ड्राइव्ह उघडल्यावर तिथंही विम नसेल तर विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लागेल. तिच्या सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल.विम (काही आयएसओत इन्स्टॉल.ईएसडी असते) सेव्हन-झिपनं उघडायची. आत विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या वाटेनं गेलं की विनआरई.विम मिळते.

गोदाकाठ_गंगाखेड

एवढ्या आज्ञा कशाला? जीपार्टेड लाइव्हच्या (पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरून बूट करा, रिकव्हरी ओढून शेवटी न्या, सी ओढून मोठा करा. माउसनं काम होतं.

नांदेड_बेंच

होतं, आणि ६०० एमबी सरकवायला वेळही लागत नाही. पण रिकव्हरीची जागा बदलली की मांजराकाठनं सांगितलेली तीच नोंद परत चुकते, म्हणजे रीएजंटसी आधी डिसेबल आणि नंतर एनेबल करावंच लागतं. शिवाय विंडोज साध्या शटडाउननं बंद केलं असेल तर फास्ट स्टार्टअपमुळं सी अर्धवट झोपलेला असतो. जीपार्टेड त्यावर इशाऱ्याचं चिन्ह दाखवतं आणि रिसाइझ करू देत नाही. शिफ्ट दाबून शटडाउन करायचं, मग पेनड्राइव्ह लावायचा.

परभणी_४३१

याच धाग्यात विचारतो. जुना पीसी, १ टीबी हार्ड डिस्क, एमबीआर (पार्टिशन तक्त्याची जुनी पद्धत). सिस्टिम रिझर्व्ह्ड १०० एमबी, सी १०० जीबी, डी ४६५ जीबी (त्यात साधारण २०० भरलेत), शेवटी ३६६ जीबी अनअ‍ॅलोकेटेड. सी ला १०० जीबी वाढवून पाहिजेत. मधात रिकव्हरी नाही, अख्खा डी आहे. जीपार्टेडनं डी सरकवू का?

नांदेड_बेंच

सरकवू नका. डी ची सुरुवात हलवायची म्हणजे सगळा डेटा एका जागेवरून उचलून त्याच डिस्कवर दुसरीकडं लिहायचा. फिरत्या डिस्कचं एकच हेड वाचतंही आणि लिहितंही, त्यामुळं वेग सेकंदाला ३०-४० एमबीवर येतो आणि २०० जीबी म्हटले तरी दीड-दोन तास लागतात. त्या वेळात लाइट गेली तर अर्धा डी जुन्या जागी, अर्धा नव्या जागी, आणि तक्त्यात दोन्ही धड नाहीत. गावात लोडशेडिंग असताना हा जुगार कशाला?

तुमच्याकडं शेवटी ३६६ जीबी मोकळेच आहेत, त्याचा उपयोग करा. काळ्या पट्टीवर न्यू सिंपल व्हॉल्यूम करून ई काढा. डी चा २०० जीबी ई वर कॉपी करा. मध्येच वीज गेली तरी डी शाबूत राहतो, परत सुरू करायचं. कॉपी तपासली की डी डिलीट, सी एक्स्टेंड १०२४०० एमबी, आणि ई ला डी हे अक्षर. डी मध्ये काही सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर अक्षर तेच ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर शॉर्टकटपासून सगळं तुटतं. सी च्या पुढं ३६५ जीबी उरतील, त्याचा अजून एक ड्राइव्ह करा.

कॉपीसाठी:

रोबोकॉपी डी:\ ई:\ /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सजे

/आर आणि /डब्ल्यू दिलं नाही तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या एका फाइलवर ३०-३० सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. जुन्या डिस्कवर हे हमखास होतं. शेवटी येणाऱ्या तक्त्यात फेल्डचा रकाना शून्य पाहिजे. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन फेल दाखवलं तर ते सोडून द्या.

सगळ्यात आधी मात्र क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या ओळींचे रॉ आकडे बघा. सी५ शून्य नसेल तर पार्टिशनचा विचार सोडा, महत्त्वाचं ते लगेच दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ही डिस्क बदला.

मांजराकाठ

परभणीकर, एमबीआर आहे म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एमबीआरवर प्रायमरी चारच. तीन आधीच असतील तर विंडोज चौथं आपोआप एक्स्टेंडेडमध्ये घालतं आणि ई भोवती हिरवी चौकट दिसते. घाबरायचं कारण नाही. पण एखाद्या पायरीला डिस्क डायनॅमिक करू का असा डबा आला तर यस दाबू नका. डायनॅमिक डिस्कवरून डेटा राखून परत बेसिकवर यायला विंडोजमध्ये बटण नाही.

दुसरं, काळी पट्टी आणि हिरवी पट्टी यात फरक आहे. तुमचा सध्याचा डी जर आधीच हिरव्या चौकटीत असेल, तर तो डिलीट केल्यावर अनअ‍ॅलोकेटेड न होता फ्री स्पेस होतो, आणि ती जागा एक्स्टेंडेडच्या मालकीची असते. सी तिला घेऊ शकत नाही, एक्स्टेंड फिकंच राहतं. त्यात ई पण त्याच चौकटीत तयार झाला असेल तर चौकट काढताच येत नाही, कारण ती काढली की ई जातो. म्हणून आधी रंग बघा. डी हिरव्या चौकटीत दिसला तर डेटा ई वर न नेता बाहेरच्या डिस्कवर न्या, डी डिलीट करा, मग मोकळ्या हिरव्या पट्टीवर परत डिलीट करा. काळी झाली की सी वाढेल.

जालना_लॅपटॉप

माझं उलटं. ५१२ जीबीची एसएसडी, अख्खा सी, ३०० जीबी मोकळा. श्रिंक व्हॉल्यूम म्हटलं तर फक्त २१ हजार एमबी निघतात म्हणतंय. काय अडकलंय?

नांदेड_बेंच

जागेवरून न हलणारी फाइल. श्रिंक उजव्या टोकाकडून मागं येतं आणि पहिली न हलणारी फाइल लागली की थांबतं. बहुतेक वेळा हायबरफिल (हायबरनेटची फाइल), पेजफाइल (रॅमला जोड देणारी फाइल) किंवा रिस्टोर पॉइंट. कोणती ते अंदाजानं शोधू नका: इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन, त्यात इव्हेंट आयडी २५९. श्रिंकचा डबा उघडल्यावर लगेच ही नोंद पडते आणि शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव तिच्यात असतं.

उपाय: पॉवरसीएफजी /एच ऑफ, व्हर्च्युअल मेमरीत नो पेजिंग फाइल, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने पॉइंट डिलीट. रीस्टार्ट. श्रिंक. झाल्यावर तिन्ही परत चालू करा. पेजफाइल बंद विसरून राहिली की ८ जीबी रॅमवर ब्राउझर गचके खातं आणि लोक रॅमला दोष देत बसतात.

उदगीरचा_सेतू

झालं. आर ड्राइव्हवर विम सापडली, एक्सएमएलचं नाव बदलल्यावर एनेबल झालं. मग डिसेबल करून बाकीच्या आज्ञा जशाच्या तशा दिल्या. आता सी ३०२.८ जीबी, रिकव्हरी १ जीबी, डी १६१.८ जीबी. /इन्फोमध्ये एनेबल्ड, पार्टिशन४. बिटलॉकर बंदच होतं.

अजून एक. डॉक्युमेंट्स फोल्डर डी वर न्यायचंय. प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमध्ये नुसतं डी:\ टाकून मूव्ह करू का?

मांजराकाठ

नुसतं डी:\ टाकू नका. तसं केलं की विंडोज अख्ख्या डी लाच डॉक्युमेंट्स समजतं, ड्राइव्हचं नाव आणि आयकॉनसुद्धा बदलतं, आणि रिस्टोर डिफॉल्ट दाबलं तर डी मधलं सगळं सी कडं ओढायला लागतं. आधी डी वर डॉक्युमेंट्स नावाचं फोल्डर करा आणि लोकेशनमध्ये डी:\डॉक्युमेंट्स द्या. डेस्कटॉपसाठी वेगळं फोल्डर, दोन्ही एकात नको. लोकेशन टॅबच दिसत नसेल किंवा मूव्हला नकार आला तर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये फोल्डरचं बॅकअप चालू असेल, ते आधी बंद करा.